तीन पदरी हवाबंद पिशव्या : चैत्रात भरल्या, दिवाळीला उघडल्या

पिशव्या 50 किलोच्या. आत पॉलिथिनचे दोन थैले, प्रत्येकी 80 मायक्रॉन जाडीचे, आणि बाहेरून नेहमीचं विणलेलं प्लास्टिकचं पोतं. तूर, हरभरा आणि शाळू भरून अख्खा पावसाळा ठेवला. गोळी नाही, पावडर नाही, कडुलिंबाचा पाला नाही. एक पोतं सोडलं तर माल भरला तसाच निघाला. हरभऱ्यात हात घातला तर बोटांना पीठ लागत नाही, दाण्याला भोक नाही.

किडा इथे विषाने मरत नाही. बंद पिशवीत किडा, अळी आणि थोडाफार दाणाही श्वास घेतो, त्यामुळे 21 टक्के असलेला प्राणवायू उतरत जातो. तो 5 टक्क्यांच्या खाली गेला की किड्याचं खाणं थांबतं. कोरड्या धान्यातला किडा पाणी पीत नाही. अंगाला लागणारं पाणी तो अन्न आणि प्राणवायू यांतूनच तयार करतो. ते बंद झालं की वाळून मरतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हे तंत्र बसवलं, आणि चवळीतला भुंगेरा तर आपल्या तूर-मुगालाही लागतो. आपल्याकडे पेवाचं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या बंद खड्ड्याचं, तत्त्व हेच होतं. आत प्राणवायू उरत नसे. म्हणूनच पेवाचं तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे.

कडधान्याची कीड घरात येण्याआधीच सुरू होते, हे नीट समजून घ्यायला हवं. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. तूर मळून दोन महिने साध्या पोत्यात ठेवायची आणि मग पिशवीत भरायची, यात काही अर्थ नाही. तोवर दाणा आतून पोखरलेला असतो. वाळवलं, उफणलं, चाळलं की लगेच भरायचं.

वाळवण्यात मात्र तडजोड नको. कडधान्याला 9 ते 10 टक्के ओलावा, ज्वारी-गव्हाला 12 च्या आसपास. बाटलीत धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं. पण ही परीक्षा साधारण 15 टक्क्यांच्या वरचा ओलावाच दाखवते, त्यामुळे मीठ चिकटलं नाही म्हणून हरभरा भरायला तयार झाला असं होत नाही. दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, चेपता कामा नये. व्यापाऱ्याकडच्या ओलावामापकावर मूठभर दाणे तपासून घेतले तर उत्तम. ताडपत्रीवरचं ऊन ऊन धान्य थेट भरू नका. रात्रभर सावलीत निवू द्या, नाहीतर आत दव धरतं. पिशवी ओलं धान्य सुकवत नाही. ओलं भरलं तर आंबूस वास, गुठळ्या आणि बुरशी ठरलेली.

आता बांधणी. आधी रिकामा थैला फुगवून तोंड पिळा, दाबा आणि गालाजवळ धरा. बारीक भोक असेल तर वारा गालाला लागतो. थोडं भरलं की पोतं हलवून धान्य बसवायचं, कडेची हवा दाबून काढायची. वर वीतभराहून जास्त तोंड मोकळं ठेवा. ते घट्ट पिळून काढा, पीळ दुमडून उलटा करा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. मग दुसरा थैला तसाच, शेवटी बाहेरचं पोतं. अर्धी पिशवी भरू नका. हवा जास्त राहिली की प्राणवायू उतरायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस किडा खात राहतो.

बिघडलेलं पोतं तुरीचं होतं. आतल्या थैल्याच्या तळाशी टाचणीने टोचल्यासारखी तीन भोकं, कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. तुरीबरोबर तुराटीचे तुकडे आत गेले होते. पोतं आपटलं की असे तुकडे थैल्याला टोचतात. भुंगेराही आतून प्लास्टिक कुरतडतो, पण ती भोकं गोल आणि नितळ असतात. या पोत्याचा बाहेरचा थैला शाबूत होता, म्हणून नुकसान तळाच्या दोन-तीन किलोंवर निभावलं. दुसरा पदर कशासाठी, ते तिथे दिसलं.

उंदराला ही पिशवी अडवत नाही. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर, उन्हापासून लांब रचा आणि आसपास सांडलेला दाणाही ठेवू नका.

रोज लागेल तसं काढायला ही पिशवी नाही. दर वेळी ताजी हवा आत जाते. दोन महिन्यांचं धान्य डब्यात काढा, बाकीचं लगेच पुन्हा बांधा.

सोयाबीनचं बियाणं ठेवायचं तर पोतं आपटू नका, त्याची साल फार नाजूक असते. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून 70 तरी उगवतात का ते बघाच.

पुढच्या हंगामासाठी थैले उलटे करून झटका, सावलीत वाळवा आणि फुगवून पुन्हा तपासा. आतला थैला भोकाचा निघाला तर चिकटपट्टीवर विसंबू नका. तो काढून फक्त नवा आतला थैला घाला. बाहेरचं पोतं चांगलं असेल तर तेच चालतं.