वॉरंटी संपली आणि एसी बसला: सर्व्हिस सेंटर, नाक्यावरचं गॅरेज की इन्शुरन्स?

मे महिना, दुपारचे साडेतीन. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर घाटकोपर ते विक्रोळी एवढंसं अंतर, पण मुंगीच्या पावलांनी चाललो होतो. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही पोरं. आई म्हणाली, "अरे, हवा गरम येतेय का रे?" मी नॉब शेवटपर्यंत फिरवला. पंखा जोरात, पण हवा भज्यांच्या कढईवरून आल्यासारखी. गाडीला तीन वर्षं दोन महिने झाले होते, रनिंग जेमतेम ३१ हजार. वॉरंटी होती तीन वर्षांची.

गाडी दोन ते पाच वर्षांची आहे, हप्ते अजून चालू आहेत आणि अचानक हातात पाच आकडी एस्टिमेट पडलंय, अशांसाठी हे लिहितोय. अशा वेळी सगळे विचारतात, "कुठे नेऊ?" माझ्या मते त्याआधी बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते ठरवावं. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या, इन्शुरन्सच्या, सुट्या वस्तूच्या कंपनीच्या (बॅटरी आणि टायरची वॉरंटी वेगळी असते, ती त्यांच्या डीलरकडे मागायची) की आपल्या? हे ठरलं की कुठे न्यायची ते बरंचसं आपोआप ठरतं.

वॉरंटी किती, हे शेजाऱ्याला विचारू नका, स्वतःचं बुकलेट काढा. मारुतीने जुलै २०२४ पासून दिलेल्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. त्याआधीच्या गाड्यांना २ वर्षं किंवा ४० हजार होती. ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांना ३ वर्षं, किलोमीटरची अट नाही. म्हणजे एकाच सोसायटीत शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचा हिशेब वेगळा. आणि "जे आधी संपेल ते" ही ओळ विसरायची नाही. रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्याचे किलोमीटर आधी संपतात, माझ्यासारख्या रविवारच्या ड्रायव्हरची वर्षं आधी संपतात.

एसी: इथे गॅरेजने मला गंडवलं नाही, पण चुकलं

वॉरंटी नाहीच, तर कंपनीकडे जाऊन खिसा कशाला कापून घ्या, म्हणून भांडुपच्या नाक्यावरच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने गेज लावला. "साहब, गॅस कम है, भर देता हूँ." दोन हजार घेतले, हवा गारेगार. तीन आठवड्यांनी पुन्हा कढई.

चूक त्याच्याइतकीच माझीही होती. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो. तीन वर्षांच्या गाडीत एवढा कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या टाकीत टँकर ओतणं. कोणीही "गॅस भरतो" म्हणालं की आधी "लीक टेस्ट केली का?" असं विचारा.

मग सर्व्हिस सेंटर. त्यांनी नायट्रोजनचं प्रेशर देऊन तपासलं आणि सांगितलं, कूलिंग कॉइल गेली. ही कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, डॅश उतरवावा लागतो, म्हणून लेबर जास्त. एस्टिमेट १८,४००. त्यात १,५०० रुपयांचं "एसी डिसइन्फेक्शन" आणि ८०० चं व्हील अलाइनमेंट होतं. डॅशबोर्ड उतरवला तर चाकं कशी वाकडी होतात, हे विचारल्यावर ॲडव्हायझर हसला आणि त्याने दोन्ही ओळी खोडल्या. राहिले १६,१००.

आता महत्त्वाची गोष्ट. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर "गुडविल" नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे कंपनी आपल्या मर्जीने थोडा खर्च उचलते. तो हक्क नाही, कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो आणि ॲडव्हायझर आपणहून सांगत नाही. मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला: गाडीचा नंबर, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सर्व्हिसच्या तारखा, वॉरंटी संपून साठ दिवस, कॉइल हा काही घासून झिजणारा पार्ट नाही. पाच दिवसांनी फोन आला, पार्टची निम्मी किंमत कंपनी सोसेल. कॉइल ९,२०० ची होती, ४,६०० सुटले. एकूण ११,५०० भरले.

हे पैसे सुटले ते सगळ्या सर्व्हिस त्यांच्याकडे झाल्या होत्या म्हणून. तीन वर्षं मी "ऑइल बदलायला एवढे?" म्हणून कुरकुरत होतो, त्यातले थोडे असे परत आले. बाहेर सर्व्हिस करून वाचवणाऱ्याला हा मेल टाकता आला असता, पण त्याच्या बाजूने लिहायला फार काही नसतं.

जुनी कॉइल मी मागून घेतली. कोपऱ्यात बोटभर तेलकट, हिरवट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्याची ती खूण. जुना पार्ट बघायला मागाच. बदललाच नाही आणि बिल लावलं, ही शंका तिथल्या तिथे मिटते.

खडखड: इथे बाजी उलटली

त्याच पावसाळ्यानंतर एलबीएस मार्गाच्या खड्ड्यांनी पुढच्या डाव्या चाकाला आवाज दिला. छोट्या खड्ड्यात टकटक, मोठ्या खड्ड्यात काही नाही. सर्व्हिस सेंटरचं निदान: दोन्ही पुढचे शॉक ॲब्सॉर्बर, माउंटिंगसकट. चौदा हजारांच्या वर. मी "विचार करतो" म्हणून निघालो आणि परत त्याच भांडुपच्या गॅरेजला गेलो, थोडा ओशाळून. गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, खाली सरकला, पहारीने इकडून तिकडून ढोसलं आणि मला खाली बोलावून लिंक रॉड हाताने हलवून दाखवला. बॉल जॉइंट खिळखिळा. दोन्ही बाजूचे लिंक रॉड, मजुरीसह १,९००. आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच.

सर्व्हिस सेंटरने फसवलं असं मी म्हणणार नाही. तिथे दिवसाला कितीतरी गाड्या, प्रत्येक गाडीला वेळ मोजून, आणि गिऱ्हाईक त्याच तक्रारीने परत आलेलं त्यांना परवडत नाही. म्हणून पूर्ण असेंब्ली बदलून मोकळे होतात. गॅरेजवाल्याकडे स्कॅनर साधा असेल, पण मुंबईच्या खड्ड्यांची त्याला डॉक्टरकी आहे. बुश, लिंक रॉड, ब्रेक पॅड, वाकलेली रिम, क्लच प्लेट ही कामं ओळखीच्या गॅरेजला करायला मी आता घाबरत नाही. तसंही घासून झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीत बहुधा नसतातच. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये तीस हजारात क्लच गेला तरी "ड्रायव्हिंग हॅबिट" ऐकायची तयारी ठेवा. पार्ट मात्र स्वतः बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, ओरिजिनलही आणि ओरिजिनलच्या डब्यातलं डुप्लिकेटही.

गॅरेजला अजिबात न न्यायच्या गोष्टी माझ्या यादीत थोड्या आहेत: ड्युअल क्लच गिअरबॉक्स (ऑटोमॅटिकचा एक प्रकार), एअरबॅगची पिवळी वायर किंवा कनेक्टर, आणि कॅमेरा बसवलेली पुढची काच. ती काच बदलल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर गाडी नको तिथे ब्रेक मारते किंवा हवा तिथे मारत नाही.

उंदरांचं प्रकरण मधलं आहे. मुंबईत पार्किंग म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे वायरिंग. वॉरंटी हे मानत नाही. सर्व्हिस सेंटर अख्खा हार्नेस (वायरींचा संच) बदलायला सांगतं, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कुरतडलेली वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवून देतो. एक-दोन वायरी असतील तर इलेक्ट्रिशियन. इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे जाणारा जुडगा असेल तर आधी इन्शुरन्सला फोन, कारण मोठं बिल तिथे मान्य होऊ शकतं.

"बाहेर हात लावला की वॉरंटी बाद" ही धमकी सरसकट खरी नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड लावला, त्याच आदेशात हेही होतं: बाहेर काम केलं एवढ्यावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, ते असो. व्यवहारात मात्र वॉरंटी चालू असताना काउंटरवर वाद घालण्यापेक्षा तिथेच सर्व्हिस केलेली बरी. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर वेळापत्रकाप्रमाणे त्यांच्याकडची सर्व्हिस हीच तिची अट असते.

इन्शुरन्स: छोटा क्लेम महाग पडतो

बिघाड आणि अपघात यांत गल्लत नको. आपोआप बंद पडलेला पार्ट इन्शुरन्स देत नाही. बाहेरून काही लागलं, पाणी शिरलं, चोरी झाली तर देतो. सोसायटीच्या खांबाला बंपर घासला आणि ६,००० चं काम निघालं, तर "इन्शुरन्स आहे ना" म्हणण्याआधी कागद घ्या.

समजा सध्या तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्के आहे आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ प्रीमियम १०,०००. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, मग ५० वर स्थिर. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक वर्षावार: ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के, म्हणजे पाच वर्षांत १२,००० रुपये. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी घसरते म्हणून प्रत्यक्षात काहीसे कमी, तरीही ६,००० साठी एवढे. त्यात झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये अनिवार्य वजावट आहेच. सगळा खर्च प्लॅस्टिकच्या पार्टचा धरला तर हातात पडणार दोन हजार! बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असेल तर गणित बदलतं, पण पॉलिसीत खरंच आहे का ते वाचा.

पाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा रोज पडत नाही, पण हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे यांना भरायला तेवढा लागतही नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान "तुम्ही स्टार्ट केली म्हणून झालं" या खाती जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. बेसमेंट पार्किंग किंवा सखल रस्ता असेल तर दुसरी सगळी ॲड-ऑन सोडा, हे घ्या. आणि तेव्हाही ढकलून बाजूला, फोटो, टो.

एक्स्टेंडेड वॉरंटी

साधं मॅन्युअल पेट्रोल, कमी रनिंग, टचस्क्रीन एवढीच चैन असेल तर नाही घेतली तरी चालेल. टर्बो, ऑटोमॅटिक, सनरूफ, हायब्रिड यांपैकी दोन गोष्टी गाडीत असतील तर घ्याच; एक गिअरबॉक्स पुरतो सगळे पैसे वसूल व्हायला. बहुतेक कंपन्यांत ती मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते आणि उशिरा घेतली तर महाग पडते. मी शोरूममध्ये "नवीन गाडी, काय होतंय?" म्हणालो होतो. चहा पाजला होता त्यांनी, तरी.

जुनी बिलं ताडून पाहताना एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता. आणि वॉरंटीतलं काम उगाच नाकारलं तर आधी मेल, मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत, भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. फोनवर झालेलं बोलणं तिथे उपयोगाचं नाही, जॉब कार्डवर (गाडी देताना तक्रारी लिहितात तो कागद) लिहिलेलंच उपयोगी पडतं. म्हणून "आवाज येतो" असं लिहू देऊ नका, "स्पीड ब्रेकरवर पुढून डावीकडे टकटक" असं लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी आता दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. त्यांना म्हटलं, वॉरंटी संपायच्या आत एकदा सगळ्या बारीकसारीक तक्रारी लिहून काढा. रविवारी सकाळी टॉर्च घेऊन ते खाली उतरले, दुधाच्या बिलाच्या पाठीमागे सात मुद्दे लिहिले: पॉवर विंडो किरकिरते, मागच्या दारातून पाणी येतं, स्टिअरिंग वळवताना कट आवाज. सर्व्हिस सेंटरने पाच वॉरंटीत केले. सहावा वायपरचं रबर, ते त्यांनी विकत घेतलं. सातवा मुद्दा "ॲव्हरेज कमी देते" हा होता. त्यावर ॲडव्हायझर म्हणाला, "काका, तुम्ही राहता मुंबईत."