मिशन हॉस्पिटलमधले फादर: पाचपैकी चार तारे

पश्चिम उपनगरातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये सासूबाई अ‍ॅडमिट होत्या, हार्ट फेल्युअर. बिल, कॅन्टीन, पार्किंग यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय तिथल्या चॅप्लेनबद्दल, म्हणजे पेशंटना भेटायला येणाऱ्या फादरांबद्दल. पैसे लागत नाहीत, आणि कुठल्याही धर्माचा पेशंट असो, ते येतात.

दिरांनी आधीच बजावलं होतं, "बघा हं, हळूच येशूचं काहीतरी सुरू करतील." फादर वसईकडचे, मराठी आमच्यापेक्षा अस्सल. पडद्याबाहेरूनच म्हणाले, "आजी, येऊ का? दमला असाल तर उद्या येतो." स्टुलावर बसले आणि वारीच्या गोष्टी ऐकत राहिले. येशूचं नावही काढलं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या कॅथलिक काकांच्या कपाळाला आणि तळहातांना त्यांनी तेल लावून प्रार्थना म्हटली. जाऊबाई घाबरल्या, काका आता चालले की काय! तसं नसतं, गंभीर आजारातही लावतात. काका आमच्याआधी घरी गेले. पण सासूबाईंचं मन त्या तेलावर बसलं. "फादर, मलाही लावा की. देव काय, सगळे एकच."

म्हातारीचं मन राखायला दुसऱ्या कुणी दोन थेंब लावले असते. फादर मात्र नाही म्हणाले. "आजी, हे तेल बिशप ईस्टरच्या आधी आशीर्वाद देऊन ठेवतात. हा आमच्यातला संस्कार, बाप्तिस्मा झालेल्यांचा. तुम्हाला उगीच कसा लावू? तुमचे अभंग म्हणायला कोण आहे?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणा ना. तर तेही नाही. "म्हणायचं तुम्ही. मी बसतो." मी वही काढून वाचलं, ते मांडीवर हात ठेवून शेवटच्या अभंगापर्यंत बसले.

मला हे दोन्ही नकार पटले. मागितलेलं तेलसुद्धा जो लावत नाही, तो बाटवायला आलाय असं कोण म्हणेल? दीर त्यानंतर गप्पच झाले.

एक तारा कापला तो हॉस्पिटलचा, फादरांचा नाही. समोरच्या मुस्लिम आजोबांच्या मुलाला कुराणातलं यासीन वाचायला कुणीतरी हवं होतं. फादरांनी आपल्या ओळखीच्या मौलवींना फोन लावला, ते आलेही. पण सगळं एका माणसाच्या ओळखीवर चाललंय. मौलवी, गुरुजी, भंतेजी यांचे नंबर वॉर्डात लावून ठेवायला काय जातं? शिवाय या सेवेचं पत्रक फक्त इंग्रजीत. सासूबाईंनी त्याचा पंखा केला.

जाणाऱ्यांसाठी: पोथी, जपमाळ घरून न्या, तिथे मिळत नाही. गंगाजल पाजायचं असेल तर आधी सिस्टरना विचारा. सासूबाईंना तोंडाने काही द्यायचं नव्हतं, तेव्हा ओल्या कापसाने ओठ टिपू दिले. रात्री फादर हवे असले तरी सिस्टरनाच सांगायचं, त्या फोन लावतात.