हाँगकाँगचे डोंगर आणि किनारे: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

हाँगकाँगला फिरायला आलेल्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते: व्हिक्टोरिया पीकचा डोंगर, बिग बुद्ध, डिस्नेलँड, ओशन पार्क आणि रात्रीची बंदरावरची रोषणाई. चार दिवसांत परतायचं असेल तर तेवढं पुरे. नोकरीनिमित्त इथे राहायला येणाऱ्यांनी मात्र पुढचं वाचा, कारण ती यादी पहिल्या काही महिन्यांत उरकते आणि मग या शहराचं खरं मैदान सुरू होतं.

इथे 1976 मध्ये कंट्री पार्कचा कायदा झाला आणि आज जवळपास 40 टक्के जमीन अशा राखीव डोंगर-रानांत आहे. टोलेजंग इमारतींच्या फोटोंवरून याचा पत्ता लागत नाही. पण मला आकड्यापेक्षा जास्त आवडली ती पोहोचण्याची सोय. सह्याद्रीत ट्रेक म्हटलं की आदल्या रात्रीची एसटी किंवा भाड्याची गाडी, आणि उतरायचं पुन्हा जिथे गाडी लावली तिथेच. इथे गाडी नसणं हाच फायदा. एका बाजूने बसमधून उतरायचं, डोंगर ओलांडायचा आणि पलीकडच्या गावातून दुसरी बस धरायची. तिकिटाला मेट्रोत चालतं तेच ऑक्टोपस कार्ड.

ड्रॅगन्स बॅक याचं सोपं उदाहरण. शौ केई वान मेट्रो स्टेशनपासून 9 नंबरची बस, तो तेई वानला उतरून चढण. वर गेलं की अरुंद धार, दोन्हीकडे समुद्र, आणि सर्वांत उंच जागा जेमतेम 284 मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचीला कोणी किल्ला म्हणणार नाही. पण ही वाट खाली उतरते ती थेट बिग वेव्ह बेच्या वाळूत. बूट काढा आणि पाण्यात शिरा. रविवारी मात्र धारेवर रांग लागते, जमलं तर सुट्टी टाकून मधल्या वारी जा.

माझी सर्वांत लाडकी वाट साय कुंग भागातली. मॅक्लेहोज ट्रेल हा 100 किलोमीटरचा मार्ग 1979 मध्ये सुरू झाला, त्याचे दहा टप्पे आहेत; माझी वाट त्यातलाच एक भाग. पाक ताम चुंगच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, टॅक्सी चालते. तिने हाय आयलंड जलाशयाच्या पूर्वेच्या धरणापर्यंत जायचं. तिथे षटकोनी दगडी खांबांची भिंत उभी आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल, फक्त तिथला दगड काळा बेसॉल्ट आणि इथला पिवळट. सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वीची, सिलिका भरपूर असलेली ज्वालामुखीची राख थिजून तो तयार झाला. तिथून लाँग के, साय वान, हाम तिन असे एकापुढे एक किनारे लागतात. हाम तिनला साध्या टपरीवजा हॉटेलांत नूडल्स मिळतात. किनाऱ्यावर गाई रवंथ करत बसलेल्या असतात. इथली शेती बंद पडल्यावर सोडून दिलेल्या गुरांची ही पुढची पिढी.

आता तक्रार. वाटा फार काँक्रीटच्या आहेत. कातळ, मुरूम, घसारा याची सवय असलेल्या पायांना शेकडो सारख्या सिमेंटच्या पायऱ्या उतरणं म्हणजे शिक्षा. चढताना काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. काठ्या घ्याच. जमेची बाजू म्हणजे, मोठ्या मार्गांवर दर 500 मीटरला क्रमांकाचा खांब असतो. अडचणीत फोन केला की तो क्रमांक सांगायचा, बस्स. आपल्याकडे चकवा लागून रात्र रानात काढणाऱ्यांच्या बातम्या वाचल्या की हे खांब आठवतात. वाटांवरच्या कचरापेट्या 2017 पर्यंत काढून टाकल्या, त्यामुळे आपला कचरा आपल्या पिशवीत घरी. आणि हे चक्क पाळलं जातं.

मे ते सप्टेंबर डोंगर विसरा. तापमान 33 अंश असलं तरी दमटपणामुळे मुंबईचा ऑक्टोबर बरा वाटतो. वेधशाळेचं अ‍ॅप फोनवर हवंच: अतिवृष्टीचा सर्वांत वरचा, काळा इशारा किंवा वादळाचा 8 नंबरचा बावटा लागला की शहर थबकतं. हे महिने समुद्राचे. सरकारी किनाऱ्यांवर जीवरक्षक, बहुतेक ठिकाणी शार्कसाठी जाळी, शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं फुकट. बार्बेक्यूच्या भट्ट्याही फुकट, कोळसा आणि लांब काटे जवळच्या दुकानात. शाकाहारींनी कणसं, मशरूम आणि पनीर नेलं तर पोट भरतं, वास मात्र शेजाऱ्यांच्या भट्टीचाच घ्यावा लागतो.

मुलांसाठी तिन श्वेई वायचं वेटलँड पार्क. मंगळवारी बंद. फळ्यांच्या पुलावरून खारफुटीत खाली पाहिलं की चिखलात उड्या मारणारे निवटे दिसतात. माझ्यासारख्या अलिबागकडच्या माणसाच्या मनात तेव्हा काय येतं ते मुलांना सांगितलेलं नाही.

विकत घेण्याच्या गोष्टींत बिग बुद्धला जाणाऱ्या केबल कारचा 5.7 किलोमीटरचा प्रवास एकदा करावा. पुन्हा जाताना तुंग चुंगहून 23 नंबरची बस पुरते आणि पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं. पीकवर गच्चीचं तिकीट काढायची गरज नाही, शेजारच्या लुगार्ड रोडवरून तेच शहर फुकट दिसतं.

आई-बाबा येणार असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बोलवा आणि याच लुगार्ड रोडवर न्या: सपाट, सावलीचा. ड्रॅगन्स बॅक "अगदी सोपा" म्हणणाऱ्यांचं त्यांच्या गुडघ्यांच्या बाबतीत ऐकू नका.