वांगं, उडी आणि अकराशे रुपये: सात महिन्यांनंतर

दिवाळीत जळगावहून अकराशेला आणला. तोच कॅसेटवाला टीव्ही गेम, दोन जॉयस्टिक, मागे एव्हीच्या पिना. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलंय. वही घेऊन मोजले, २३ निघाले. बाकी तेच गेम मधल्या लेव्हलपासून सुरू. लहानपणीही हेच व्हायचं, त्यामुळे त्याचा राग नाही.

राग उडीचा आहे.

भुसावळला आमच्या गल्लीत मारिओ आणि कॉन्ट्रा सगळ्यांना तोंडपाठ. माझा जीव मात्र ॲडव्हेंचर आयलंडवर. आम्ही त्याला ‘कुऱ्हाडवाला’ म्हणायचो. टोपीवाला गडी पळतोय, फळं खातोय, थांबला की वरची एनर्जी संपून मेला. आणि ते वांगं! अंगाला चिकटलं की एनर्जी सरसर उतरते. आजी भरितासाठी वांगी भाजत असायची, ती म्हणायची, ‘वांगं कधी कोणाचं वाईट करतं का रे?’

हडसन कंपनीचा हा १९८६चा गेम मूळ सेगाच्या वंडर बॉयवरून केलेला. आणि तो टोपीवाला म्हणजे हडसनचाच माणूस, ताकाहाशी मेइजिन, सेकंदाला १६ वेळा बटण दाबायचा म्हणून जपानात गाजलेला. हे सगळं मोठेपणी कळलं. एकूण ३२ राउंड. आम्ही बारा-तेराच्या पुढे कधी गेलोच नाही. गेम सेव्ह होत नाही आणि लाइट जायची. पहिल्या राउंडच्या शेवटी लपलेली मधमाशी मिळवली की मेल्यावर तिथूनच कंटिन्यू करता येतं, हे तर आत्ता चाळिशीत समजलं. किती सुट्ट्या वाया गेल्या!

तर उडी. घरच्या ४३ इंची एलईडीवर प्रत्येक वेळी कड्यावरून खाली. आधी वाटलं, वय झालं. मग भाच्याला बसवलं, तोही पडला. म्हणजे जॉयस्टिक खराब. दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, चायना माल, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.’ बरीच वादावादी झाली. शेवटी दीडशे देऊन तिसरी जॉयस्टिक आणली. तरी तेच. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मार्चमध्ये आईकडे गेलो. माळ्यावर गोधडीखाली २१ इंची डबा टीव्ही. सहज जोडला आणि पहिलीच उडी बसली! एलईडी जुन्या सिग्नलचं चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतो, मग दाखवतो; तेवढ्या उशिरात उडीचं बटण चुकतं आणि आपला गडी खाली. डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला हे सोपस्कार नाहीत, आलं तसं दाखवलं. म्हणजे चार महिने मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो. (गॅरंटीबद्दलचं मत मात्र कायम.)

तो डबा टीव्ही घरी आणला; त्याचं ड्राय सोल्डर (आतले सुटलेले टाके) काढायला चारशे गेले. गेमपेक्षा टीव्ही महाग पडायची लक्षणं आहेत, आणि तो दिवाणावर ठेवल्यावरून घरात रोज ऐकावं लागतं. मे महिन्यात ॲडॉप्टर इतका तापायचा की त्याला कूलरसमोर ठेवायचो आणि मी घामाघूम. पण टिकलाय. कॅसेट लागली नाही तर फुंकर मारू नका, ओल बसते; कापसाला स्पिरिट लावून पिना पुसा.

आता सतराव्या राउंडला आहे. ती दीडशेची जॉयस्टिक तशीच पडून आहे, कोणाला हवी असेल तर शंभरात देईन.