सोनपाखरू भिंतीवर : भुंगेऱ्यांच्या एका चित्राविषयी

नागपूरच्या धरमपेठेतील एका लहानशा चित्रदालनातून मी जुलैमध्ये भुंगेऱ्यांचे भिंतीवर लावायचे एक छापील चित्र ९०० रुपयांना घेतले. जाड, किंचित खरबरीत कागदावर चोवीस भुंगेरे आहेत. शास्त्राला ज्ञात असलेल्या प्राणिजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे जवळपास चार लाख जाती, एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. त्यांतून चोवीस निवडताना चित्रकाराने परदेशी नवलाईच्या मागे न लागता तांदळातला सोंडा, शेणाची गोळी ढकलत नेणारा शेणकिडा, हुमणीचा भुंगेरा आणि काजवा अशी आपल्या ओळखीची मंडळी घेतली, हे मला फार आवडले. काजवा हाही भुंगेराच, हे आमच्या घरातील थोरांनासुद्धा या चित्रामुळेच कळले.

सर्वांत सुंदर साधले आहे ते सोनपाखरू. त्याची हिरवी झळाळी रंगद्रव्याची नसते. पाठीवरच्या कठीण पंखांतील अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते, म्हणून किडा मेल्यावरही ती विटत नाही आणि पाहण्याचा कोन बदलला की निळसर होते. (हेच पंख एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातील कारागीर मलमलीवर टाके घालून शिवत असत.) नुसत्या छपाईत हा रंग उतरत नाही, म्हणून चित्रकाराने छापील हिरव्यावर मोतिया रंगाचे पातळ हात स्वतः दिले आहेत. सकाळी खिडकीतून ऊन आले की दोन पंख जिथे जुळतात ती पाठीवरची सरळ रेघ काळी राहते आणि तिच्या दोन्ही बाजू उजळतात. मी चहाचा कप हातात घेऊन तिथे रोज थोडा वेळ उभा राहतो.

दोन उणिवा मात्र सांगितल्याच पाहिजेत. सगळे भुंगेरे एकाच आकाराचे काढल्यामुळे जेमतेम ३ मिलिमीटरचा सोंडा आणि ४ सेंटिमीटरचा गेंड्या भुंगा सारखेच दिसतात. शेजारी मापाची एक बारीक रेघ पुरली असती. शिवाय खाली केवळ लॅटिन नावे आहेत. विदर्भातल्या शेतकऱ्याला हुमणी ठाऊक असते, तिचे लॅटिन नाव नव्हे.

दालनातून बसवून मिळालेल्या चकचकीत काचेत ट्यूबलाइटचेच प्रतिबिंब पडत होते आणि मोतिया हात दिसेनासा झाला होता. त्यामुळे चित्र फ्रेमशिवाय घ्यावे आणि चमक न मारणारी काच बाहेरून बसवून घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ पाहता काच नसून चालणार नाही.