मोठे स्पीकर, मोठा रिसीव्हर की वेगळा पॉवर अ‍ॅम्प?

घरात मोठे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आले, की सगळं बजेट एका दणकट ए.व्ही. रिसीव्हरमध्ये (टीव्ही-सिनेमाचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारं खोकं) घालायचं, की मध्यम रिसीव्हर घेऊन पुढच्या दोन स्पीकरांना वेगळा पॉवर अ‍ॅम्प (फक्त स्पीकरांना ताकद पुरवणारं खोकं) द्यायचा, हा प्रश्न येतोच. मी हे दोन्ही करून पाहिलं आहे, तेच स्पीकर आणि तोच हॉल ठेवून.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यात फार अडकू नका. १०० आणि १४० वॅटमधला फरक कानाला जेमतेम दीड डेसिबल, आणि तो आकडाही बहुतेकदा एक किंवा दोनच चॅनल, म्हणजे एक-दोनच स्पीकरांच्या वाटा, चालू ठेवून काढलेला असतो. मोठ्या स्पीकरांचं खरं दुखणं ओहमचं, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं; तो जितका कमी, तितका करंट जास्त. केईएफ क्यू९५० या स्पीकरच्या माहितीपत्रकात ८ ओहम लिहिलंय, पण किमान ३.२. म्हणजे काही स्वरांवर तितक्याच आवाजाला अडीच पट करंट लागतो. त्यात सिनेमाचा आवाज चढता-उतरता. संवादांना एखादा वॅट पुरतो, पण दणका २० डेसिबलने वर गेला की तिथे १०० वॅट हवेत.

माझ्या मोठ्या रिसीव्हरचं इथेच बिनसलं. एरवी सुरेख वाजायचा. पण ढोल-ताशांचा प्रसंग आला, सगळे चॅनल एकदम घुमू लागले, की टक् असा आवाज होऊन सगळं बंद! पुढचा दिवा लुकलुकत राहायचा. थंड होईपर्यंत वाट पाहायची, पुन्हा चालू करायचा, सिनेमा मागे न्यायचा, तोवर सगळ्यांचा रस गेलेला. आवाज काही शेजाऱ्यांनी बेल वाजवावी इतका नसायचा. मे महिन्यात हे जास्तच. टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवला, तेव्हा कमी झालं, पण मिटलं नाही. मग मेन्यूमधला ४ ओहमचा पर्याय लावला. बंद पडणं थांबलं, पण ढोलाचा छातीवर येणारा धक्काही गेला, कारण ती सेटिंग रिसीव्हरला जपण्यासाठी त्याची ताकदच आवरते. एवढे मोठे स्पीकर घेऊन ते दबून वाजवायचे, हे मला पटेना.

आता मध्यम रिसीव्हरच्या प्री-आउटमधून (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारं मागचं सॉकेट) दोन चॅनलचा अ‍ॅम्प जोडला आहे, ४ ओहमला जवळजवळ दुप्पट वॅट देणारा. तोच प्रसंग तितक्याच आवाजात सरळ पार पडतो. सेंटरमधले, म्हणजे मधल्या स्पीकरमधले, संवादही मला जास्त मोकळे वाटतात. पुढच्या दोघांचा भार उतरल्यामुळे असावं. मीटर लावून तपासलेलं नाही, कानांवर विश्वास ठेवून सांगतोय.

यातही कटकटी आहेत. एक खोकं वाढतं, आणि सुरुवातीला बारीक हम्म येत होती. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतल्यावर माझ्याकडे गेली, पण सगळीकडे इतक्या सहज जाईलच असं नाही. खालच्या मॉडेलांना बऱ्याचदा सबवूफरपुरताच (खोल आवाजाचा वेगळा स्पीकर) प्री-आउट असतो, तेवढं मागचं पॅनल बघून घ्या.

तुमचे स्पीकर क्लिप्शच्या आरपी-८००० एफ सारखे असतील, म्हणजे कंपनीच्या दाव्यानुसार ९८ डेसिबल संवेदनशीलतेचे (थोड्या वॅटमध्येही मोठ्याने वाजणारे), तर वेगळ्या अ‍ॅम्पचा आग्रह मी धरणार नाही. हॉल लहान असेल आणि ८० हर्ट्झखालचा सगळा खोल आवाज सबवूफरकडे जात असेल, तरी एकटा चांगला रिसीव्हर बहुधा निभावून नेईल. शिवाय एकच खोकं, एकच रिमोट, हे सुख खरंच आहे. फक्त एचडीएमआयची नवी आवृत्ती आली की तो महागडा रिसीव्हर जुना ठरतो. पॉवर अ‍ॅम्पला तिचा संबंधच नसतो. पुढचा रिसीव्हर आला तरी माझा हाच अ‍ॅम्प त्याला जोडेन.

मोठाच रिसीव्हर घ्यायचा विचार असेल, तर दुकानात तुमच्याच स्पीकरांच्या जोडीवर, सगळे चॅनल चालू ठेवून, किमान अर्धा तास एखादा दणदणीत सिनेमा लावायला सांगा. दोन गाण्यांत हा त्रास दिसत नाही.