तांबेकर वाडा, बडोदं: सहावीच्या ३८ मुलांना घेऊन गेलो तो अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय. आम्ही बडोद्यातच राहतो, रावपुरा-दांडिया बाजारातून रोजचं येणं-जाणं, तरी आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी हा वाडा आतून बघितलेलाच नव्हता.

गेल्या वर्षी मुलांना दुसऱ्या एका मोठ्या ठिकाणी नेलं होतं, तिथल्या गाईडने तासभर सनावळ्या आणि राजांची नावं म्हणून दाखवली, मुलं जांभया देत एकमेकांना चिमटे काढत बसली आणि परतताना बसमध्ये विचारलं काय बघितलं तर उत्तर आलं, बाई, आईस्क्रीम. मला खूप वाईट वाटलेलं. म्हणून यंदा ठरवलं की महाल नको, घर दाखवायचं. मुलांना घर कळतं.

हे घर भाऊ तांबेकरांचं, म्हणजे विठ्ठल खंडेराव तांबेकर, १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण, तेव्हा गादीवर गणपतराव गायकवाड. एवढंच आधी सांगितलं. दिवाण म्हणजे कोण हे मात्र खेळून दाखवलं, एकाला दिवाण केलं, बाकीचे रयत, कुणी सारा माफ करा म्हणतंय, कुणी शेजाऱ्याची तक्रार घेऊन आलंय, आणि दिवाणसाहेब पाच मिनिटांत रडकुंडीला आले 😄 मग आत गेलो.

आत भिंतीच बोलतात हो. कृष्णाच्या गोष्टी, रामायण-महाभारतातले प्रसंग, आणि त्याच घरात इंग्रज-मराठे लढाईची चित्रं, गोऱ्या मडमा सुद्धा! मी दहा-दहाचे गट केले (शेवटचा आठचा), जिने अरुंद आहेत त्यामुळे सगळी वरात एकदम वर नेऊच नका, आणि प्रत्येक गटाला एकच चिठ्ठी दिली. ओळखीची गोष्ट शोधा. आपल्याकडचे नसलेले कपडे शोधा. या घरात उजेड कुठून येतो ते शोधा. आज घरात असतं पण इथे नाही असं काहीतरी शोधा. उत्तर मी सांगायचं नाही, असं स्वतःलाच बजावून ठेवलेलं, आणि खरंच सांगते ते सगळ्यात अवघड गेलं.

कमाल पुढे झाली. एका मुलीने विचारलं, बाई, इंग्रजांशी लढाई झाली ना, मग त्यांच्या बायकांची चित्रं आपल्या घरात कशाला काढली? या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास जमिनीवर बसून बोललो. गायकवाडांनी १८०२ मध्येच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला होता, पुढे शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा बडोदं त्या लढाईत उतरलं नाही, हे ऐकून मुलं एकदम गप्प झाली. एक जण म्हणाला म्हणजे सगळे मराठे एका बाजूला नव्हते? बास, हाच प्रश्न मला हवा होता, पुस्तकातल्या धड्यावरून तो कुणी कधी विचारला नव्हता.

जाणाऱ्या शिक्षकांसाठी थोडं: बस वाड्यापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका, दांडिया बाजारच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल, अलीकडे उतरून चालत या. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, चित्रांना हात लावायचा नाही हे दारातच दोनदा सांगा, दप्तरं पाठीवर नकोत, वळताना भिंतीला घासतात. पेन नको, पेन्सिल आणि कोरा कागद द्या. आमच्या मुलांनी आवडलेलं एक-एक चित्र काढलं, त्यात सगळ्यात जास्त कृष्णच निघाले, पण दोघांनी खांब काढले लाकडाचे, नक्षीसकट, तासभर लागला तरी उठेनात.

वेळ असेल तर कीर्तिमंदिर (गायकवाड घराण्याचं स्मारक) जोडून घ्या, तिथे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ मधली, महाभारताचा विषय तिथेही आहे. आधी वाडा, मग कीर्तिमंदिर असंच करा, मुलं आपणहून म्हणतील की बाई इथली माणसं वेगळी काढलीत. आम्हाला जमलं नाही, सेव-उसळीसाठी थांबलो आणि शाळा सुटायची वेळ झाली. आता दिवाळीनंतर तेवढ्यासाठी परत निघणार आहोत, आणि यावेळी चिठ्ठ्या मुलंच लिहून आणणार आहेत.